जगभरच्या तालमींत घडलेला नर्तक

१९६९ साली मुंबईहून इराणच्या खोर्रमशहर बंदराकडे निघालेल्या एका मालवाहू जहाजावर बावीस वर्षांचा एक पारशी तरुण चढला. पोद्दार कॉलेजातून कॉमर्स झालेला, पायांत लहानपणापासूनचं कथक मुरलेलं, आणि मनात ध्यास अशा नाचाचा, जो तेव्हा आपल्याकडे कुणी शिकवत नव्हतं. जहाजातून उतरल्यावर दिसेल त्या गाडीला हात करत तो युरोपभर हिंडला. न्यूयॉर्कला पोचेपर्यंत १९७४ उजाडलं. हा तरुण म्हणजे अस्ताद देबू. भारतातल्या समकालीन नृत्याची हकिकत त्यांना वगळून सांगताच येत नाही.

देबूंचा जन्म १३ जुलै १९४७ रोजी नवसारीचा. बालपण कोलकाता आणि जमशेदपूरला गेलं. कथकचे धडे त्यांना प्रह्लाद दास यांच्याकडे मिळाले. पुढे शिक्षणासाठी मुंबईत असताना त्यांनी अमेरिकेच्या मरे लुईस यांच्या नृत्यसंस्थेचा प्रयोग पाहिला. त्या नाचात राधा-कृष्ण नव्हते, तोडे-तुकडे नव्हते. नुसतं शरीर रंगमंचावर वावरत होतं आणि तरीही पाहणाऱ्याला धरून ठेवत होतं. हे कसं साधतं, ते शिकण्यासाठीच देबूंनी घर सोडलं.

लंडनला ते मार्था ग्रॅहम यांचं तंत्र शिकले. त्यात हालचाल ओटीपोटातून उठते. श्वास सोडताना धड आतल्या आत आवळायचं आणि श्वास घेताना मोकळं करायचं. हात-पाय नंतर येतात. न्यूयॉर्कला होझे लिमोन यांची पद्धत त्यांनी घेतली. मेक्सिकोत जन्मलेल्या लिमोन यांच्या नाचात शरीराचं वजन लपवत नाहीत. तोल जाऊ द्यायचा, पडू लागायचं आणि त्याच पडण्याच्या जोरावर पुन्हा उभं राहायचं. जर्मनीत वुपरटाल इथे पिना बाउश यांच्याकडेही ते शिकले. तिथे नर्तकाची भीती, आठवणी, रोजचं चालणं-बसणं हेच नाचाचं साहित्य होतं.

इतकी शिदोरी घेऊन परतलेल्या माणसाने मुंबईत क्लास उघडला असता तर नवल नव्हतं. देबूंनी वेगळंच केलं. १९७७ मध्ये भारतात आल्यावर, तिशीच्या उंबरठ्यावर, ते तिरुवनंतपुरमला गेले आणि ई. के. पणिक्कर यांच्याकडे कथकली शिकू लागले. कथकली हे मुळात कोवळ्या वयापासून अंगात मुरवायचं शास्त्र आहे. तिथे गुरू शिष्याच्या अंगाला तेल लावून पायांनी मर्दन करतात, तळपायाच्या बाहेरच्या कडेवर उभं राहायला लावतात, बुबुळं फिरवण्याचा सराव करून घेतात. जग पाहून आलेला हा नर्तक तिथे पुन्हा पहिलीत बसला. पुढे गुरुवायूरच्या मंदिरातही त्यांनी कथकली सादर केलं. त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा निर्णय हाच.

सुरुवातीची वर्षं सोपी नव्हती. इथल्यांना हा नाच फार पाश्चात्त्य वाटे आणि तिकडच्यांना तो पुरेसा भारतीय वाटत नसे. अशा कोंडीत बरेच कलावंत एक बाजू निवडून मोकळे होतात. देबूंनी आपली चाल बदलली नाही, उलट ती आणखी संथ केली. एक हात वर जायला लागणारा वेळ ते इतका ताणत की प्रेक्षकाला स्नायूचा ताण दिसू लागे. मग पायघोळ, घेरदार पोशाखातल्या त्यांच्या गिरक्या सुरू होत. त्या गिरकीत कथक होतं, नजरेत कथकली होतं, धडात ग्रॅहम होत्या. पण यातलं काहीही सुटं काढून दाखवता आलं नसतं.

त्यांच्या कामातला सर्वांत श्रीमंत भाग मात्र इतरांबरोबरचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कोलकात्याच्या 'अ‍ॅक्शन प्लेयर्स' या कर्णबधिर कलाकारांच्या गटाबरोबर काम सुरू केलं, पुढे चेन्नईच्या क्लार्क स्कूलमधल्या मुलींबरोबर. संगीत ऐकू न येणाऱ्या मुली एकाच क्षणी पाऊल टाकतात, त्या नजरेच्या खुणांवर आणि मनातल्या मोजणीवर. जानेवारी २००५ मध्ये मेलबर्नला भरलेल्या कर्णबधिरांच्या ऑलिंपिकच्या वेळी त्या नाचल्या. मणिपुरात देबूंनी पुंग चोलोमच्या वादकांबरोबर आणि तलवार-भाल्याची थांग-टा ही युद्धकला खेळणाऱ्यांबरोबर रचना केल्या. पुंग चोलोममध्ये मृदंग वाजवणाराच उड्या घेत नाचतो. या वादकांना देबूंनी रंगमंचाच्या कडेला न बसवता मध्यभागी आणलं. दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टमधल्या, रस्त्यावर वाढलेल्या मुलांनाही त्यांनी तितक्याच कडक शिस्तीने शिकवलं. संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९९५ चा, पद्मश्री २००७ ची. १० डिसेंबर २०२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

हे सगळं विट्याच्या वाचकाने का वाचायचं? कारण टीव्हीवरच्या स्पर्धांमुळे 'कंटेम्पररी' हा प्रकार आता गावोगावच्या गॅदरिंगपर्यंत पोचला आहे. मुलं मेहनती आहेत, अंगं लवचिक आहेत. पण पडद्यावरची कोलांटी पाहून केलेली कोलांटी म्हणजे समकालीन नृत्य नव्हे. एखाद्या परंपरेपाशी थांबून तिच्याकडून अंग घडवून घ्यावं लागतं, आणि अशा परंपरा आपल्या दारात आहेत. आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्यात धनगरांचं गजीनृत्य आहे. हातात रुमाल घेऊन ढोलाच्या ठेक्यावर रिंगण धरणारे गजी एकमेकांकडे न बघता वळण साधतात. दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत लागते. तेव्हा पालखीचं ओझं वाहत धावणारी माणसं वजन एकमेकांत कसं वाटून घेतात, खांदा कसा बदलतात, हे लिमोन यांच्या विद्यार्थ्यानेही टक लावून पाहावं असं आहे.

म्हणून डान्स क्लास चालवणाऱ्यांना एक विनंती. या वर्षीच्या गॅदरिंगची तयारी सुरू करण्याआधी गजी मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाला क्लासमध्ये बोलवा, त्याला योग्य मानधन द्या आणि मुलांना महिनाभर त्याच्या हाताखाली पाय टाकू द्या. नवं गाणं त्यानंतर निवडा.