घर, जमीन आणि कायदा (लेखांक सहावा) : वकिलाकडे केव्हा जावे?

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सुरू होऊन भीमथडीत व पुढे अहमदनगर जिल्ह्यात पसरलेल्या दंग्यांत रयतेचा मुख्य रोख होता तो सावकारांपाशी असलेल्या कर्जरोख्यांवर, गहाणखतांवर आणि हुकूमनाम्यांवर. आणि जाळलेल्या कागदांपैकी पुष्कळांवर, आत काय लिहिले आहे हे न कळता केलेल्या, त्याच रयतेच्या निशाण्या होत्या. म्हणूनच चार वर्षांनी, १८७९ साली, झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ग्रामनिबंधक नेमून असा दंडक घातला की, शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज त्यांच्या देखरेखीखाली लिहिला जावा व त्यातील मजकूर त्याला समजावून सांगितला जावा. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेथील गृहस्थ आता साक्षर आहे, स्वहस्ते सही करतो. परंतु सहीपूर्वी त्याच्या बाजूने कागद वाचून दाखविणारा ग्रामनिबंधक मात्र राहिलेला नाही, आणि ती जागा वकिलाखेरीज कोणी भरून काढू शकत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या लोकोक्तीचा आपल्याकडे विपरीत अर्थ केला गेला आहे. कोर्टाची पायरी टाळावयाची असेल तर वकिलाची पायरी आधी, आणि बहुधा एकदाच, चढावी लागते, हे मला या लेखांकात आग्रहाने सांगावयाचे आहे.

पहिला प्रसंग जागाखरेदीचा. बारामतीची औद्योगिक वसाहत वाढली, तशी शहराभोवतालच्या शेतांतून दोन-दोन गुंठ्यांची विक्री वाढली. घेणारा बहुधा नोकरदार. आयुष्याची पुंजी घेऊन येतो, पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर केलेला करारनामा स्वीकारतो, वर मुखत्यारपत्र घेतो, आणि जागा आपली झाली असे समजून पाया खोदतो. वस्तुतः १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार आणि १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदविलेल्या खरेदीखताशिवाय अशा जागेची मालकी बदलत नाही, आणि मुखत्यारपत्राने केलेली विक्री ही विक्रीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नोंदणी झाली म्हणजे विकणाऱ्याचा हक्क तपासला गेला, हाही भ्रमच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितात, मालकीचा निवाडा करीत नाहीत. तो तपास वकिलाने मागील तीस वर्षांचे फेरफार आणि सूची क्रमांक दोन चाळून करावयाचा असतो. आणि त्याची फी इसाराची रक्कम देण्यापूर्वी द्यावी, नंतर नव्हे.

या तपासात सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना विशेष बारकाईने वाचावा. सोसायटीचा बोजा, जुने साठेखत, कुळाचे नाव, न्यायालयातील दाव्याचा उल्लेख, हे सारे तेथे लहान अक्षरांत दडून असते. त्याचबरोबर भूधारणा पद्धतीसमोर ‘भोगवटादार वर्ग २’ असे शब्द दिसले की तेथेच थांबावे. इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याखाली पळसदेवसारखी गावे गेली आणि विस्थापितांना अन्यत्र जमिनी मिळाल्या. पुनर्वसनाच्या अशा जमिनी, तशाच वतनाच्या जमिनी, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत, आणि विकल्या तर व्यवहारच धोक्यात येतो. घर बांधून झाल्यावर हे कळलेल्या कुटुंबाची दशा शत्रूवरही येऊ नये.

दुसरा प्रसंग घरातलाच असतो, आणि म्हणूनच अधिक नाजूक. वडील वारल्यावर भाऊ बहिणीला म्हणतो, “ताई, नुसती सही कर, तलाठ्याकडे लागते.” तो कागद बहुधा हक्कसोडपत्र असतो, आणि एकदा नोंदविलेले हक्कसोडपत्र केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि तो वडील त्या वेळी हयात असण्यावर अवलंबून नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. बहिणीने हक्क सोडावा की ठेवावा, हा तिच्या मनाचा प्रश्न आहे. परंतु तो तिने स्वतःच्या वकिलाला विचारून सोडवावा, भावाच्या वकिलाला नव्हे. याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. खरेदीदारानेही हेच ध्यानी धरावे : ज्या खरेदीखतावर बहिणींच्या सह्या नाहीत, ते पुढील वाटपाच्या दाव्याचे निमंत्रणच होय.

उरलेले प्रसंग मुदतीचे आहेत, आणि तेथे दिवस मोजावे लागतात. फेरफाराची नोटीस आली तर १५ दिवसांत लेखी हरकत द्यावी. मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केलीच, तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे. इंदापूरकरांनाही त्यासाठी बारामतीसच यावे लागते. बळजबरीने कब्जा काढून घेतला गेला, तर केवळ पूर्वीच्या ताब्याच्या बळावर तो परत मिळविण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. वहिवाटीचा रस्ता अडविला गेल्यास तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय कायद्याखाली जाण्याची मुदतही तेवढीच. दिवाणी न्यायालयाचे समन्स हाती पडले की कैफियत ३० दिवसांत द्यावयाची असते. समन्स न स्वीकारता बेलिफाला परत पाठविणे हे शहाणपण नाही; त्याने दावा थांबत नाही, एकतर्फी चालतो.

सदनिकेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पात बांधकाम व्यावसायिक, नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी, किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. त्याने तसा आग्रह धरला तर वकिलास गाठण्याची वेळ आलेली आहे, असे समजावे.

प्रत्येक अडचणीसाठी मात्र वकील नको. सातबाऱ्यावरील नावातील लेखनदोष, वारसाची निर्विवाद नोंद, कर्ज फिटल्यावर बोजा उतरविणे, ही कामे तलाठी कार्यालयात अर्जाने होतात. बांधाच्या तंट्यातही प्रथम भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. कारण ज्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्याच्या सर्व्हेची नवी पद्धत प्रथम राबविली, तेथे हद्दीचा प्रश्न तोंडी वादाने नव्हे, नकाशानेच सुटावयाचा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा अधिकार आहे. इतरांपैकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातच द्यावयाचा असतो. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफाराचे उतारे, असतील ते दस्त आणि आलेली प्रत्येक नोटीस, ज्या दिवशी हाती पडली ती तारीख पाठीमागे टिपून, बरोबर न्यावी. मोजणीचा अर्ज, तिची फी आणि ‘क’ प्रत यांविषयी पुढील लेखांकात.