रेघ रेघच राहू द्या

भोसरी ते चाकण या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी असंख्य लहान वर्कशॉप्स आहेत. त्यांच्यासाठी मी मॅन्युअल्स आणि मशीनपाशी लावायचे तक्ते तयार करते. कॅडमधलं ड्रॉइंग कितीही मोठं केलं तरी रेघ धारदार राहते. मग कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढतं, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवतं, आणि तक्त्यावर ८.५ मधलं टिंब दिसेनासं होतं. मशीनवरच्या माणसाला तर नेमकं तेच टिंब हवं असतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं असतं, तर निदान व्हॉट्सॲपने ते दाबलं नसतं.

व्हॉट्सॲप फोटो दाबतं ते जेपीजीत. जेपीजी हा प्रकार १९९२ साली ठरला तो फोटोंसाठी. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि त्यातले बारीक, अचानक होणारे बदल कमी करून फाइल लहान करतो. चेहऱ्यात, झाडात ते कळत नाही. आकृतीत मात्र पांढऱ्याला लागून थेट काळं असतं, म्हणून आकड्यांभोवती करडी भुरी उठते. नंतर पीएनजी करूनही गेलेलं परत येत नाही.

पीएनजी काहीच टाकून देत नाही. स्क्रीनशॉट पीएनजीतच ठेवावेत. पण १९२० पिक्सेलचा स्क्रीनशॉट ३०० डीपीआयला जेमतेम १६ सेंटिमीटर रुंद छापून येतो, आणि बारीक रेघांना ३०० पुरतही नाहीत. शिवाय पीएनजीत सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत, नाही. काळी रेघ चार शाईंत वाटली जाते आणि छापताना रजिस्ट्रेशन, म्हणजे शाईंची एकमेकींवरची जुळणी, जरा हललं की तिला रंगीत कडा येते.

म्हणून माझा आग्रह असतो: छपाईला कॅडमधून थेट पीडीएफ, रेघा फक्त काळ्या शाईत, वेबसाठी एसव्हीजी. दोन्हींत रेघ कुठून कुठे, किती जाड, एवढंच साठतं.

मराठी अक्षरांची काळजी वेगळी. श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर भलताच दिसतो. प्रेसवाले ‘कर्व्ह करून पाठवा’, म्हणजे अक्षरांचे रेघांचे आकार करून पाठवा, म्हणतात ते त्यासाठीच. कर्व्ह न केलेली मूळ फाइल मात्र जपून ठेवा, नाहीतर पुढे एक काना दुरुस्त करणंही कठीण. वेबवर अक्षरं युनिकोडमध्येच असू द्या; ऑपरेटरने मोबाइलवर ‘बेअरिंग’ शोधलं तर सापडलं पाहिजे.

झिजलेल्या बेअरिंगचा फोटो जेपीजीत खुशाल घ्या. त्यावरचे बाण आणि मापं तेवढी फोटोत मिसळू नका, पीडीएफमध्ये वर वेगळी ठेवा.