खंड्यानं काय खाल्लं?

मुलांनो, तुमच्या घरी कुत्रा आहे का? घरी नसला तरी गल्लीत, वाडीत, नाहीतर शाळेच्या फाटकापाशी एखादा ओळखीचा असेलच. मग आजची गोष्ट तुमच्यासाठी. गोष्ट खरी आहे, माझ्याच वर्गातली.

चौथीतला एक मुलगा एकदा सकाळपासून गप्प होता. मधल्या सुट्टीत त्यानं डबासुद्धा उघडला नाही. जवळ घेऊन विचारलं, तर हुंदके देऊन रडायलाच लागला. "बाई, खंड्याच्या नाकातून रक्त येतंय. माझ्यामुळं झालंय ते!"

खंड्या म्हणजे त्याचा कुत्रा. चार दिवसांपूर्वी वडिलांनी कोठीच्या खोलीत उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. दार उघडं टाकायचं नाही, अशी ताकीदही दिली होती. हा चेंडू शोधायला आत गेला आणि दार लावायचं विसरला. परत येऊन बघतो तर खंड्या जिभल्या चाटतोय आणि शेजारी वडीचा फाटका कागद! मार बसेल म्हणून यानं कागद लपवला. खंड्या मजेत पळत होता. दुसऱ्या दिवशीही पळत होता. "काहीच झालं नाही" असं समजून हा निर्धास्त झाला.

शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर घरी गेले. खंड्या कोपऱ्यात पडून होता. हिरड्या पांढऱ्याफटक, दम लागलेला. वडिलांनी लगेच रिक्षा आणली आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. काय खाल्लं? किती खाल्लं? केव्हा खाल्लं?

मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. तेवढ्यात या मुलानं दप्तर उघडलं, कंपासपेटीतून घडी केलेला कागद काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. त्यावर विषाचं नाव होतं. लगेच उपचार सुरू झाले.

चार दिवस काहीच का दिसलं नाही?

आपल्याला खरचटलं की थोड्या वेळानं रक्त थांबतं. त्यासाठी लागणारे घटक यकृतात तयार होतात आणि त्या कामाला 'के' जीवनसत्त्व लागतं. खंड्यानं खाल्लेलं विष हेच काम बंद पाडतं. पण शरीरात आधीचा साठा असतो. तो पुरेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो. साधारण तीन ते पाच दिवसांनी साठा संपतो आणि मग रक्तस्राव सुरू होतो. त्यावर उपाय आहे तो 'के' जीवनसत्त्वाचाच. खंड्याला इंजेक्शनं दिली, मग जवळजवळ महिनाभर गोळ्या. तो वाचला. पण डॉक्टर म्हणाले, "त्याच दिवशी आणला असता, तर एवढे हाल झाले नसते."

म्हणून कुत्रा बरा दिसतोय यावर विसंबू नका.

आपला खाऊ, त्याचं विष

उंदराचं औषध विषारी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपण प्रेमानं भरवतो त्याचं काय?

चॉकलेट घ्या. त्यात थिओब्रोमिन नावाचा पदार्थ असतो. आपलं शरीर तो लवकर पचवतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो निम्मा व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. त्यामुळं उलट्या होतात, छाती धडधडते, झटकेही येऊ शकतात. चॉकलेट जितकं गडद आणि कडू, तितका धोका जास्त.

द्राक्षं आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागं द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं, असं सुचवलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा बेदाणे घातलेला लाडू आणि चिंचेचा गोळा, दोन्ही कुत्र्यापासून लांब ठेवा.

कांदा-लसूण कच्चा असो की शिजवलेला, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असेल, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाचे टोकदार तुकडे होऊन ते आतड्यात रुततात. आणि आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मनानं कधीही देऊ नका. मांजराला तर एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरते.

घरगुती उपाय नकोत

खंड्याची आजी आधी म्हणाली होती, "मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल." आजीची माया खरी, पण उपाय धोक्याचा. जास्त मिठाचीच विषबाधा होते. संडास धुण्याचं ॲसिड पोटात गेलं असेल, तर उलटीनं घसा दुसऱ्यांदा भाजतो. रॉकेल पोटात गेलं असेल किंवा कुत्रा गुंगीत असेल, तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

दूधही उतारा नव्हे. उंदराची राखाडी-काळी पूड मिळते, तिच्यात झिंक फॉस्फाइड असतं. जठरातल्या आम्लाशी मिळून त्याचा विषारी वायू बनतो. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. असा कुत्रा ओकला तर खिडक्या उघडा आणि तुम्ही तिथून दूर व्हा.

हे लक्षात ठेवा

१. लगेच मोठ्यांना हाक मारा. स्वतः कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. कळवळलेला शहाणा कुत्राही चावतो. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

२. उरलेला खाऊ किंवा विष मोठ्यांना उचलायला सांगा. वेष्टन टाकू नका. ते दवाखान्यात न्या. उलटी झाली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा.

३. काय, किती, केव्हा, ही तीन उत्तरं तयार ठेवा. कुत्र्याचं अंदाजे वजनही सांगा.

४. वाट बघू नका. पहिले एक-दोन तास फार मोलाचे असतात.

आज एवढं करा. जवळच्या जनावरांच्या दवाखान्याचा फोन नंबर आणि वेळ मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि स्वयंपाकघरात चिकटवा.

आणि आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. त्या दिवशी दवाखान्यात वडिलांनी मुलावर हात उगारला नाही. डोक्यावरून हात फिरवून ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी मला सांग." मुलाला मार बसण्याची भीती नसती, तर तो कागद चार दिवस कंपासपेटीत राहिला नसता.

खंड्या आता पुन्हा शाळेच्या फाटकापर्यंत येतो. कोठीच्या दाराला मात्र वर, मुलांचा हात पुरणार नाही अशी कडी बसली आहे.