गिलियमबाईंचे जिवाणू

राजापूरकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. जुन्या घराच्या जांभ्याच्या भिंतीत पोयाच्या, म्हणजे डंख नसलेल्या छोट्या माश्यांनी घर केलं होतं. भिंतीची डागडुजी करताना त्यातून वाटीभर मध निघाला, पण पातळ आणि चक्क आंबट. त्यांचे प्रश्न दोन. मध खराब झाला म्हणून टाकून द्यायचा का? आणि ‘या मधात पोटाला चांगले असणारे जिवाणू असतात’ असं यूट्यूबवर सांगतात, ते खरं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. टाकू नका. या मधाची जातच तशी. आग्या किंवा सातेरीच्या पक्व मधात पाणी साधारण वीस टक्क्यांच्या आसपास असतं, पोयाच्या मधात ते पंचवीस-तीस टक्क्यांवर जातं. इतकं पाणी मिळालं की यीस्ट आणि काही जिवाणूंचं फावतं, आणि मध हळूहळू आंबतो. शिवाय माशीच्या स्वतःच्या विकरामुळे ग्लुकोजपासून आम्ल तयार होतं, ते वेगळंच. फ्रीजमध्ये ठेवा आणि चमचा-चमचा खा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र चाटवू नका. हा नियम कुठल्याही मधाला लागू आहे, कारण त्यात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबतं, आणि मला ते लांबवायचंच आहे.

डंख नसलेल्या मधमाश्यांच्या जगात पाचशेहून अधिक जाती आहेत, सगळ्या उष्ण पट्ट्यातल्या. नांगी अगदीच नावापुरती असल्यामुळे त्या डसत नाहीत, पण डोळ्यांत, कानांत, केसांत शिरून आणि चावून माणसाला पळवून लावतात. आपल्याकडची पोयाची माशी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. भिंतीच्या फटीतून बाहेर आलेली चिकट काळपट नळी दिसली की समजावं, हा तिचा दरवाजा. नळी मेणाची, पण मेणात झाडांची राळ कालवलेली. आत त्याच मिश्रणाची बोरांएवढी मडकी, काहींत मध, काहींत परागकण. पिल्लांच्या कोठड्या वेगळ्या.

या कोठड्यांपाशी जरा थांबू. सातेरीच्या पोळ्यात दाई माश्या अळीला दिवसातून अनेकदा भरवतात, कोठडी उघडीच असते. पोयाच्या घराण्यात तसले लाड नाहीत. कामकरी माश्या एकामागून एक येऊन कोठडीत पातळ खाद्य ओकतात. कोठडी बरीचशी भरली की राणी येते, त्यातलं थोडं स्वतः चाखते, त्यावर एक अंडं उभं ठेवते आणि निघून जाते. लगेच कामकरी माश्या झाकण बंद करतात. ते पुन्हा उघडतं ते महिन्याहून अधिक काळाने, आतली माशी पूर्ण वाढून बाहेर पडताना. लांबच्या प्रवासाला निघालेल्याला घरून एकच डबा बांधून द्यावा, वाटेत दुसरं काही मिळणार नाही, असा हा कारभार. फरक इतकाच की हा डबा तिशीच्या आसपास तापमानात, दमट अंधारात उभा आहे, त्यात साखर आहे, प्रथिनं आहेत आणि खाणारी अळी त्यातच तरंगते आहे. कुठल्याही बुरशीला याहून चांगलं आमंत्रण मिळणार नाही. तरी तो नासत कसा नाही?

ब्राझीलमध्ये 1971 साली मशादो नावाच्या संशोधकाने याचं एक उत्तर प्रसिद्ध केलं. मेलिपोना क्वाड्रिफॅसिएटा या डंखहीन माशीच्या खाद्यात बॅसिलस प्युमिलस हा जिवाणू कायम सापडत होता. वसाहतीला प्रतिजैविक दिलं, जिवाणू गेला, आणि पाठोपाठ वसाहतही गेली. प्रयोग चटका लावणारा, पण पुरावा म्हणून तो कच्चा आहे. प्रतिजैविक काही एकट्या बॅसिलसला वेचून मारत नाही. त्याच्याबरोबर आणखी कोण मेलं, आणि माशीवर औषधाचा थेट काय परिणाम झाला, हे त्यातून कळत नाही.

या धाग्याला नेटाने धरलं ते मार्था गिलियम यांनी. अमेरिकेच्या कृषी खात्याची मधमाशी प्रयोगशाळा ॲरिझोनातल्या टूसॉन इथे आहे, तिथे त्या काम करत. त्या काळी मधमाशीतला जिवाणू म्हणजे रोग, असंच समीकरण होतं. गिलियमबाईंनी उलट बाजूने पाहिलं. निरोगी माशीच्या पोटात, मधात आणि साठवलेल्या परागकणांत कोण राहतं, आणि ते तिथे राहून काय करतं? साधन साधंच होतं. नमुना घ्यायचा, पेट्री डिशमध्ये वाढवायचा, ओळखायचा आणि तो कुठली विकरं सोडतो ते तपासायचं. वर्षानुवर्षं.

डंखहीन माश्यांवरचं त्यांचं माझ्या सर्वांत आवडीचं काम एका मांसाहारी माशीवरचं आहे. होय, मांसाहारी. पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेचे डेव्हिड रूबिक यांनी 1982 साली ‘सायन्स’मध्ये ट्रायगोना हायपोजिया या माशीबद्दल लिहिलं. ही माशी फुलांवरून पराग आणतच नाही. मेलेला बेडूक, सरडा, पक्षी दिसला की झुंडीने येते आणि मांस कुरतडून पोटातून घरी नेते. मागच्या पायांवरची परागाची टोपली तिला आता नावापुरतीच उरली आहे. उष्ण जंगलातलं मढं म्हणजे विषारी जिवाणूंचा बाजार. त्यातलं खाद्य बंद कोठडीत भरून ठेवायचं आणि पिल्लं जगवायची, हे जमतं कसं? गिलियम, रूबिक आणि सहकाऱ्यांनी 1985 साली या माशीच्या पिल्लांचं खाद्य तपासलं, तेव्हा त्यात बॅसिलसच्या पाच जाती मिळाल्या. त्यांचा तर्क असा, की हे जिवाणू विकरं सोडून खाद्य पचनाला सोपं करतात आणि प्रतिजैविकं सोडून परक्या जंतूंना रोखतात. स्वयंपाकी आणि राखणदार एकच.

मग डीएनए वाचण्याची यंत्रं आली आणि पेट्री डिश मागे पडली. गिधाडवृत्तीच्या या माश्यांचा नवा अभ्यास 2021 साली आला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांचा. त्यांनी कोस्टा रिकाच्या जंगलात कोंबडीच्या कच्च्या मांसाचे पन्नासेक ग्रॅमचे तुकडे झाडांना टांगले, मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्रोलियम जेली फासली, आणि जेवायला आलेल्या माश्या पकडल्या. केवळ मांसावर जगणाऱ्या माश्यांच्या पोटात आम्लात रमणाऱ्या जिवाणूंची गर्दी निघाली, परागावर जगणाऱ्या नातलगांहून बरीच वेगळी. गिधाडांची आणि तरसांची पोटंही अशीच आम्लयुक्त असतात. बातमी जगभर गाजली. गिलियमबाईंच्या पाच जातींचं नाव त्या बातम्यांत शोधूनही सापडत नाही.

यात कोणाची लबाडी नाही, दोन पद्धतींच्या दोन खोडी आहेत. बॅसिलस पेट्री डिशमध्ये कमालीचा सहज वाढतो. चार असले तरी चारशे वाटतात. उलट डीएनएच्या पद्धतीत पेशी फोडावी लागते, आणि बॅसिलसच्या बीजाणूचं कवच इतकं टणक असतं, की तो नेहमीच्या तंत्राला दाद देत नाही. असून नसल्यासारखा राहतो. म्हणून ‘डीएनएत दिसला नाही, म्हणजे तो महत्त्वाचा नाही’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. संख्या थोडी असूनही काम मोठं असू शकतं. ब्राझीलमध्येच 2018 साली मेलिपोना स्क्युटेलॅरिसच्या अळीच्या खाद्यातून पेनिबॅसिलस पॉलिमिक्सा वेगळा काढला गेला. हा पूर्वी बॅसिलसमध्येच मोडायचा. त्याची रसायनं कीटकांना मारणाऱ्या बुरशीला रोखतात आणि मधमाश्यांच्या पिल्लांना सडवणाऱ्या पेनिबॅसिलस लार्व्हीलाही, म्हणजे स्वतःच्याच भाऊबंदाला. राखणदाराची कल्पना अगदीच हवेतली नव्हती तर.

गिलियमबाईंचा मान राखला गेला नाही, असंही नाही. वॉल्डन क्वाँग आणि नॅन्सी मोरान यांनी 2013 साली मधमाशीच्या आतड्यातल्या एका मुख्य जिवाणूचं नाव त्यांच्यावरून गिलियामेला ठेवलं. मधमाश्या, भुंग्यांसारख्या बंबल माश्या आणि डंखहीन माश्या यांच्या सामाईक पूर्वजापासून, म्हणजे सुमारे आठ कोटी वर्षांपासून, गिलियामेलासह आतड्यातल्या मुख्य जिवाणूंचं मंडळ माश्यांबरोबर आहे. पण 2021 सालच्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की मेलिपोना गटातल्या डंखहीन माश्यांनी गिलियामेला गमावलेला आहे. ज्या डंखहीन माश्यांच्या खाद्यात बाईंनी इतकं पाहिलं, त्यांच्यातल्याच एका गटाच्या आतड्यात बाईंच्या नावाचा जिवाणू नाही! इतका जुना सोबती का सुटला, यावर अजून एकमत नाही.

आता यूट्यूबवरचा दावा. माशीच्या पिल्लाच्या खाद्यात बॅसिलस उपयोगी पडतो, यावरून तो तुमच्या-माझ्या पोटाला उपयोगी पडेल असं होत नाही. मधात जे जिवाणू जिवंत असतात ते किती, आणि आपल्या जठरातून पुढे किती जातात, हे बाटलीवर ‘प्रोबायोटिक’ छापल्याने ठरत नसतं. मलेशियात असा मध केलुलुत नावाने महाग विकला जातो आणि त्याच्या गुणांची यादी लांबलचक असते. त्यातला एक गुण खरा आहे. 2020 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना या मधात ट्रेहालुलोज ही साखर भरपूर सापडली. ती रक्तात सावकाश उतरते. पण ती बनवते माशी स्वतः, मकरंदातल्या साखरेपासून. जिवाणूंना त्याचं श्रेय देऊ नये.

आपल्या पोयाच्या माशीच्या पिल्लांच्या खाद्यात बॅसिलस आहे का, हे शोधण्याचं काम इथेच करता येण्याजोगं आहे, आणि म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. कोकणात जुनी भिंत पाडली जाते तिथे पोयाचं घर मिळतं. एका बंद कोठडीतलं खाद्य निर्जंतुक सुईने घ्या, त्याचे दोन भाग करा. एक तसाच डिशमध्ये पसरा. दुसरा ऐंशी अंशांवर दहा मिनिटं तापवून मग पसरा. तापवल्यावरही जे उगवेल, ते बीजाणूंतून उगवलेलं. डीएनए वाचण्याची यंत्रं लागत नाहीत, इनक्युबेटर आणि धीर लागतो. उरलेलं घर मात्र लाकडी खोक्यात ठेवून भिंतीजवळच टांगा. माश्या बहुधा राहतात.