बंद कारखान्याची माती कशी तपासावी?

पायाखालची माती : लेखांक ६

मागच्या लेखांकात शेताचे माती परीक्षण पाहिले. आजचा प्रश्न वेगळा आहे. जिथे कारखाना होता आणि आता नाही, ती जमीन घर बांधायला, भाजी लावायला, हळद वाळवायला योग्य आहे का, हे कसे ठरवायचे?

उदाहरणार्थ, निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातली हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि कापसाची मोठी पेठही. पेठ म्हटली की जिनिंग-प्रेसिंग आले, तेलगिरण्या आल्या. मराठवाड्यातल्या कापूसपेठांमध्ये अशी आवारे बंद पडली, भोवती वस्ती वाढली आणि तिथे प्लॉट पडू लागले. वरची माती भरावासाठी ट्रॅक्टरने दुसरीकडे जाते. दोष असेल तर तोही तिच्याबरोबर जातो.

तपासणी सुरू होते ती कागदांपासून. सातबारा, मालमत्ता पत्रक, जुने नकाशे आणि उद्योग अलीकडचा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे. त्यानंतर तिथे राबलेल्या माणसांना गाठावे. बॉयलर कुठे होता, राख कुठे टाकत, डिझेलची टाकी जमिनीखाली होती का, रोहित्र कुठे बसवले होते, हे जुना फिटर किंवा हमाल जागेवर उभा राहून दाखवतो. कोळशाच्या राखेत आर्सेनिकसारखे विषारी घटक असू शकतात, जुन्या रंगात शिसे आणि सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस. जुन्या रोहित्रांच्या तेलात पीसीबी ही रसायने सापडू शकतात. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

पुढची पायरी नमुन्यांची. शेतात आपण ठिकठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेतो, सगळी माती एकत्र करतो आणि चार भाग पाडत अर्धा किलोवर आणतो. तिथे सरासरीच हवी असते. इथे सरासरी घातक ठरते. टाकीखालची डिझेलने माखलेली माती नऊ स्वच्छ जागांच्या मातीत मिसळली, की दोष कागदावरून नाहीसा होतो, जमिनीतून नाही. म्हणून संशयित जागांचे नमुने वेगळे घ्यायचे, उरलेल्या आवारात चौकटी आखून घ्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी वरचा थर व खालचा थर स्वतंत्र ठेवायचा. तेलाच्या संशयाची माती काचेच्या बरणीत काठोकाठ भरून बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत न्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत उघडीवाघडी नेली तर त्यातले उडून जाणारे घटक वाटेतच जातात. मृद आरोग्य पत्रिकेवर विसंबू नये. तिच्यातले १२ निकष पिकाच्या पोषणाचे आहेत; शिसे, आर्सेनिक, तेल त्यात नाही.

आपल्या काळ्या मातीचे दोन गुण इथे फार महत्त्वाचे आहेत. तिची चिकणमाती अनेक धातू धरून ठेवते, त्यामुळे ते बरेचदा वरच्या थरात अडकतात. पण उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी वरची घाण घेऊन त्या भेगांतून खाली उतरते. खाली मुरूम आणि फुटलेला कातळ. आपल्या विहिरींना पाणी तिथूनच येते. म्हणून आवारातली आणि उताराकडची विहीर तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. पाण्याचा नमुना उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यावा.

आणखी एक गोष्ट म्हणजे ही माती बेसाल्टपासून झाली आहे. तांबे, निकेल, क्रोमियम तिच्यात मुळातच जास्त असते. अहवालात क्रोमियमचा मोठा आकडा आला म्हणून घाबरू नये आणि ‘इकडे असतेच’ म्हणून सोडूनही देऊ नये. कारखान्याचा हात न लागलेल्या जवळच्या, तशाच मातीच्या शेतातला नमुना त्याच प्रयोगशाळेत द्यावा आणि दोन आकडे शेजारी ठेवावेत. क्रोमियमचे सहा-संयुजी (हेक्साव्हॅलंट) रूप वेगळे मोजून मागावे. खरे विष ते आहे.

किती दोष चालेल, हे त्या जमिनीच्या पुढच्या वापरावर ठरते. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद झाला. तिथल्या पाऱ्याच्या तपासणीत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेचा सहभाग होता. माती स्वच्छ करताना किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहू द्यायचा की त्याहून खूप कमी, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. अंगणात मुले खेळणार असतील, तर कसोटी कडकच हवी.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. त्यानंतर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरलेल्या मुदतीत प्राथमिक तपासणी करायची आहे. पण जी जागा कोणी दाखवलीच नाही, ती यादीत येणार कशी?

तुमच्या गावात असे बंद आवार असेल तर ग्रामसभेत किंवा नगर परिषदेत त्याचा विषय काढा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तपासणी होईपर्यंत तिथली माती भरावासाठी उचलू देऊ नका आणि त्या जमिनीवर हळद वाळत घालू नका. प्लॉट घेत असाल, तर बयाणा देण्याआधी मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा अहवाल मागा.