ठाण्याच्या खाडीकाठी
कल्याण-डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की, ठाण्याला गाडी बदलून वाशी-पनवेलच्या मार्गावरील ऐरोलीला उतरले, की आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा जवळच आहे. १८५३ मध्ये देशातील पहिली प्रवासी रेल्वे ज्या ठाण्यापर्यंत धावली, त्या शहराच्या खाडीला वाळूची चौपाटी नाही. येथे आहे तो भरती-ओहोटीने घडवलेला चिखल आणि त्यावर वाढलेले तिवरांचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या झाडांचे, जंगल. चिखलात प्राणवायू अत्यल्प असल्याने तिवराची श्वसनमुळे जमिनीतून सरळ वर येतात आणि हवेतून श्वास घेतात.

याच चिखलातील सूक्ष्म शैवाल व लहान जीव खाण्यासाठी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येथे मुक्काम करतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही या आहारातील रंगद्रव्यांतूनच येतो. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग अभयारण्य ठरला आणि २०२२ मध्ये तिची नोंद रामसर स्थळांत, म्हणजे १९७१ च्या पाणथळविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत, झाली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने पक्षी पाहता येतात, मात्र होडीला पुरेसे पाणी लागत असल्याने फेरीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून निघण्यापूर्वी ती विचारून घेणे अत्यावश्यक आहे. सांडपाणी, भराव आणि प्लॅस्टिक यांचा भार सोसूनही ही खाडी जिवंत राहिली आहे, हे खरोखर विलक्षण होय.