तंबोऱ्याला किती वॅट लागतात?

आमच्या भिगवणला कुणी घरात चांगला स्टिरिओ बसवायचा म्हटला, की पहिला प्रश्न वॅटचा. दुकानदारही खोक्यावरचा आकडा दाखवतो : पीएमपीओ २००० वॅट! ही ताकद निमिषमात्र आणि बहुतांशी कागदावरची. यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचावी. तिथे वीजवापर ६० वॅट असेल, तर स्पीकरला सलग त्याहून जास्त मिळणार कुठून? दहा बाय बाराच्या खोलीत ख्याल ऐकताना बहुतेक वेळ एखादा वॅटच खर्ची पडतो. तो एक वॅट कसा तयार होतो, हे पाहणे महत्त्वाचे.

आवाजाची लहर शून्याच्या वर-खाली हेलकावते. 'बी' वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये वरची बाजू एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालची दुसरा. काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना क्षणभर दोघेही बंद असतात आणि लहर तिथे मोडते. मोठ्या आवाजात हा दोष दडून जातो. पण आवाज हलका ठेवून तंबोऱ्याची जवारी ऐकू लागलो, की तो उघडा पडतो.

'ए' वर्गात ट्रान्झिस्टर कधी बंदच होत नाही, त्यामुळे हा दोष नाही. मात्र दोन्ही बाजूंना वीस-वीस वॅट देणारा असा ॲम्प्लिफायर, गाणे चालू असो वा नसो, सहज दीडशे वॅट खातो. म्हणजे सात तासांत एक युनिट! ती सारी उष्णता खोलीतच राहते. मे महिन्यात मग पंखा लावावा लागतो आणि पंख्याच्या घरघरीत तंबोरा बुडतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचीही हीच तऱ्हा. शिवाय त्याच्या पोटात तीन-चारशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही काही काळ टिकू शकतात. घरच्या घरी उघडून पाहण्याची ती वस्तू नव्हे.

यातून निघालेली तडजोड म्हणजे 'एबी'. दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह सतत वाहता ठेवायचा. हलका आवाज 'ए'सारखा निघतो, मोठा 'बी'सारखा.

राहिला 'डी'. हे अक्षर डिजिटलचे नव्हे, 'सी'नंतरचे, एवढेच. यात ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण उघडतो नि पूर्ण मिटतो. शेवटी वेटोळे आणि कपॅसिटर त्यातून मूळ लहर गाळून काढतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते, डबा थंड राहतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारेही मिळतात. वीज गेली तरी गाणे थांबत नाही. एक खोड मात्र आहे. उघडझाप ४०० किलोहर्ट्झने होत असेल, तर तिची दुप्पट ८००, आणि पुणे आकाशवाणीची लहर ७९२! रेडिओ शेजारी ठेवला तर शिट्टी ऐकू येऊ शकते.

आपल्याकडे विजेच्या दाबाचाही विचार हवा. मोटारी सुरू झाल्या आणि २३० व्होल्टचे १८० झाले, तर साध्या ट्रान्स्फॉर्मरवरचा ४० वॅटचा 'एबी' जेमतेम २५ वॅट देईल. तेवढे घराला पुरतात. म्हणून माझी पसंती ४० वॅटच्या 'एबी'ला. वीज वारंवार जात असेल तर चांगल्या 'डी'ला. स्पीकर ८७ ऐवजी ९० डेसिबलचा घेतला, तर निम्म्या वॅटमध्ये तोच आवाज मिळतो.

दुकानात जाताना ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे, आवाज अगदी कमी करायला सांगावे, आणि तासाभराने झाकणावर हात ठेवून पाहावा.